फ्रिस्कोतलं इंग्रजी खोरं

आमच्या वसाहतीच्या नावात 'डेल' होतं. डेल म्हणजे खोरं. ज्यांनी फ्रिस्को पाहिलंय त्यांना इथंच हसू येईल. टेक्सासचा तो भाग पोळपाटासारखा सपाट. अंगणात पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला जावं हे त्यालाही कळत नाही, तिथंच वाळून जातं. अशा जागी एका बिल्डरला इंग्लंडच्या खेड्यातलं खोरं आणावंसं वाटलं, आणि त्या पठ्ठ्यानं ते आणलं. गुरांच्या कुरणात मोठा खड्डा खणला, त्याचं तळं केलं, निघालेल्या मातीचे दोन ढीग दोन बाजूंना रचले, त्यांच्यावर विकतच्या हिरवळीच्या गुंडाळ्या पसरल्या आणि ढिगांना 'हिल्स' म्हणायला सुरुवात केली. मधून एक ओढा सोडला. तो पंपावर चालायचा. सकाळी पंप सुरू झाला की ओढा खळखळायचा आणि रात्री बंद झाला की जागच्या जागी थांबायचा. आमच्या ओढ्याला नोकरीसारखी वेळ होती.

ढिगांवर सिमेंटच्या मेंढ्या चरत होत्या. वळणावर एक लाल टेलिफोन बूथ होता, त्यात फोन सोडून बाकी सगळं होतं. माळी आत पाइप ठेवायचे. क्लबहाउसवर गवतानं शाकारल्यासारखं दिसणारं छप्पर होतं, ते प्लास्टिकचं. आत शेकोटी होती, तीही गॅसवरची. बाहेर ऊन मी म्हणत असताना लोक एसी फुल करून आत शेकोटी पेटवायचे आणि अंगावर शाल घेऊन बसायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ओढ्याकाठच्या झुडपात करडे दगड होते, त्यातला एक पोकळ. त्याच्या पोटात स्पीकर होता आणि त्यातून इंग्लंडमधल्या पक्ष्यांचा किलबिलाट यायचा. टेक्सासचे अस्सल काळे कर्कश पक्षी नेमके त्याच दगडावर बसून घाण करायचे. मला त्या वसाहतीतले तेवढेच जीव समजूतदार वाटायचे.

आमच्या मराठी मंडळींचं तर काही विचारूच नका. शनिवारी शेजारच्या प्लेनोहून कुणी जेवायला आलं की पोळ्या गार झाल्या तरी चालतील, आधी टेलिफोन बूथपाशी फोटो. एक नागपूरचा मित्र बूथला टेकून म्हणाला, 'एकदम यूके फील आहे यार.' हा गृहस्थ यूकेला गेला होता तो विमान बदलण्यापुरता.

हे सगळं मला घर घेण्याआधी दिसत होतं. मी काही आंधळा नव्हतो. बायको पुण्याची, तिला नीटनेटकं स्वयंपाकघर आणि मुलीसाठी चांगली शाळा पाहिजे होती, ते सगळं दुसऱ्या वसाहतीतही मिळत होतं. खोऱ्याचा मोह मला पडला, आणि तो आईसाठी.

आमचं खोरं धरणात गेलं. सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीत होतं म्हणतात. मी 'म्हणतात' असंच म्हणणार, कारण मी जन्मलो तोवर सगळं पाण्याखाली होतं. आई लग्न होऊन त्या गावात आली आणि दोन पावसाळ्यांनी गाव उठलं. सरकारनं जी जागा दिली ती पूर्वेकडे, उघड्या माळावर. पत्र्याची घरं, एक हापसा आणि नजर जाईल तिथवर कुसळं. मी त्या माळावर वाढलो. आई रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून त्या बुडालेल्या गावाचं वर्णन करायची. ओढा कुठून यायचा, देवीचं देऊळ कुठं, देवळाच्या मागं कुणाचं घर, त्या घराची पायरी कशी फुटकी. मला तिथल्या वाटा आजही सांगता येतील. पाय मात्र एकदाही लागलेला नाही.

पाऊस कमी झाला त्या वर्षी वैशाखात धरणाचं पाणी उतरायचं आणि देवळाचं शिखर वर यायचं. फारच दुष्काळ असला तर अख्खं देऊळ. मग आमच्या माळावरच्या बाया ठेवणीतलं लुगडं नेसून, नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकू घेऊन निघायच्या. एसटीनं जायचं, पुढं लाँचनं, आणि शेवटी गाळातून चालत. देवीची ओटी भरायची, आपापल्या घराचा चौथरा सापडला तर त्याला कुंकू लावायचं आणि माघारी यायचं. पोरांना न्यायचे नाहीत. गाळात पाय रुतला तर पोर हाताला लागत नाही, असं आई म्हणायची. आम्ही मोठे झालो तेव्हा शिकायला लांब गेलो, आणि मी तर इतका लांब गेलो की वैशाख कधी आला आणि गेला हेसुद्धा कळेना.

बहीण लग्न होऊन सासरी गेलेली, वडील गेल्यावर आई त्या माळावर एकटी राहिली. मी तोवर इथला सिटिझन झालो होतो, म्हणजे तिला कायमचं आणता येत होतं. फक्त तिनं हो म्हणायला पाहिजे होतं. फोनवर विचारलं की ती म्हणायची, 'बगू.' आईचं 'बगू' म्हणजे काय हे तिच्या पोटच्या पोरालाही कधी कळलं नाही. शेवटी दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ती सहा महिन्यांच्या व्हिसावर यायला तयार झाली. मी मनाशी ठरवलं, व्हिसा संपायच्या आत तिच्याकडून हो म्हणवून घ्यायचं. ग्रीन कार्डचे कागद वकिलाकडून आणून डायनिंग टेबलवर ठेवले. आणि ज्या बाईचं खोरं गेलं तिला खोरं द्यावं म्हणून हे घर घेतलं. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

आई आली आणि दुसऱ्याच शनिवारी बायकोनं वसाहतीच्या स्वागत फेरीत आमची नावं घातली. नव्या लोकांना आणि त्यांच्या पाहुण्यांना कमिटीची एक बाई गोल्फ कार्टमधून फिरवायची, त्याला म्हणे खोऱ्याची ओळख म्हणायचं. 'तू आईंना सगळं मराठीत सांग हं,' बायको म्हणाली. 'आणि तोंड वाकडं करू नकोस.' दुसरी सूचना पाळणं मला जमलेलं नाही.

कमिटीची बाई सत्तरीची, उत्साही, डोक्यावर फुलांची गवती टोपी. आधी घरं विकायची, आता रिटायर होऊन खोरं दाखवायची. बोलता बोलता कळलं की इंग्लंडला ती एकदाच गेली होती, टूर कंपनीबरोबर, आणि अर्धा वेळ बसमध्ये होती. पण बोलायची अशी की तिचं बाळंतपण तिथं झालं असावं. आई नऊवारी सावरून कार्टमध्ये पुढं बसली, मी मागं.

'हे आमचं ब्रुक,' बाई म्हणाली.

'आई, हा ओढा.'

'कुठनं येतो?'

मी बाईला विचारलं. बाईनं हसून सांगितलं की ते गुपित आहे. मी आईला सांगितलं की पंपातून येतो.

आईनं मेंढ्यांकडं बराच वेळ पाहिलं. कार्ट पुढं गेली तरी मान वळवून पाहत राहिली. मग म्हणाली, 'हलंनात रं त्या. आजारी हायत का?' मी म्हटलं, सिमेंटच्या आहेत. 'आसं व्हय,' ती म्हणाली, आणि पुढं मेंढ्यांचा विषय काढला नाही. कुणाच्या घरी जाऊन त्यांच्या पोराला नावं ठेवू नयेत, तसं तिनं ते सोडून दिलं.

तळ्यावर एक कमानीचा दगडी पूल होता. बाईनं तिथं कार्ट थांबवली. हे तिचं आवडतं ठिकाण असावं, कारण टोपी काढून तिनं छातीशी धरली. म्हणाली, 'हे दगड खरे आहेत बरं का. इथं पूर्वी एक फार्महाउस होतं. शंभर वर्षांचं. ते पाडलं, पण बिल्डरनं त्याचे दगड वाया नाही जाऊ दिले. किती छान ना?'

मी आईला सांगितलं. त्या अख्ख्या फेरीत आई पहिल्यांदा नीट ऐकायला लागली.

'कुनाचं घर व्हतं?'

मी बाईला विचारलं. बाईच्या कपाळाला आठी पडली. पक्ष्यांच्या स्पीकरचा ब्रँड तिला माहीत होता, हे माहीत नव्हतं. 'असेल कुणीतरी शेतकरी,' ती म्हणाली. 'विकून गेले.'

'गेली कुठं ती मानसं?' आई म्हणाली. मी हे भाषांतर केलंच नाही. बाई मग आईकडं वळून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं आणि सावकाश म्हणाली, 'तुमच्या देशात व्हॅली असतात का?'

मी मागं बसून दात खाल्ले. आईनं माझ्याकडं पाहिलं. 'काय म्हनती?'

'तुमच्याकडं खोरं असतं का, विचारते.'

आई थोडं हसली. 'व्हतं म्हनावं,' ती म्हणाली.

त्यानंतर आईनं तळ्याकाठचा एक बाक धरला. मी कामाला आणि नात शाळेला गेली की ती तिथं जाऊन बसायची. मी मनात खूश. चला, लागलं एकदाचं मन. बायकोला म्हटलंसुद्धा, 'बघ, पाणी दिसलं की माणूस रमतं.' बायको म्हणाली, 'त्या रमल्यात असं मला वाटत नाही, त्या वाट बघत बसल्यासारख्या बसतात.' मी म्हटलं, तुला काय कळतंय. पुण्याच्या माणसाला पाणी म्हणजे नळाचं.

घरात तिला करण्यासारखं काही नव्हतं, हे खरं. लुगडं मागच्या कुंपणावर वाळत टाकलं तर चार दिवसांत कमिटीची चिठ्ठी आली, खोऱ्याच्या सौंदर्याला बाध येतो. मेंढ्यांनी येत नाही, लुगड्यानं येतो. उन्हाळा तापल्यावर मी घराच्या पायाभोवती पाणी सोडायला लागलो, कारण तिथली काळी माती सुकली की आक्रसते आणि भिंतींना भेगा जातात. आई दारात उभी राहून पाहत होती. 'झाडं कुठं हायत?' म्हणाली. मी म्हटलं, झाडांना नाही, घराला पाणी घालतोय. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की आणखी काही, ते मला दिसलं नाही.

कागदांचा विषय मी आठवड्याला एकदा काढायचो. आई म्हणायची, 'बगू.' एकदा मात्र रात्रीच्या जेवणाला बसलो असताना तिनंच विचारलं, 'त्या तळ्याच्या बुडाला कुनाचं गाव हाय?'

'कुणाचं नाही गं.'

'आसं कसं? एवढं पानी उगंच ऱ्हातंय व्हय? पुलाला दगडं लागली ती आली कुनाच्या तरी घराची.'

'फार्महाउस तळ्यात नव्हतं, आई. कुठंतरी बाजूला असेल. आणि पाणी मुद्दाम भरलंय, दिसायला.'

'दिसायला,' आई म्हणाली आणि ताटात पाहत राहिली. माझ्या मुलीनं विचारलं, 'व्हॉट इज आजी सेइंग?' बायकोनं तिला सांगितलं, आजीला तळं आवडलंय.

आईच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तिच्या सगळ्या आयुष्यात माणसानं साठवलेलं पाणी म्हणजे एकच गोष्ट. खाली कुणीतरी राहत होतं. तिला दुसऱ्या तऱ्हेचं पाणी माहीतच नव्हतं. आणि मी तिला चक्क सांगत होतो की हे सगळं शोभेसाठी आहे, मग तिला वाटलं असणार की पोराला ठाऊक नाही. इथल्या लोकांना तरी कुठं ठाऊक होतं, घर कुणाचं होतं ते.

जुलैत कमिटीचा ईमेल आला. तळं गळतंय, दुरुस्तीसाठी सगळं पाणी काढणार, रहिवाशांनी या तात्पुरत्या गैरसोयीबद्दल क्षमा करावी. गैरसोय कसली तर तळ्याकडं तोंड असलेल्या घरांना काही दिवस चिखल दिसणार. त्यावर पन्नास ईमेल. एकानं लिहिलं की मी व्ह्यूसाठी घर घेतलं होतं. मी जेवताना हे वाचून दाखवून मनसोक्त हसलो. बायकोही हसली. आई हसली नाही. तिनं विचारलं, 'पानी काडनार म्हंजी सगळं?'

'सगळं.'

'कवा?'

'उद्यापासून. शनिवारपर्यंत कोरडं पडेल म्हणे.'

आईनं हात धुतले आणि आपल्या खोलीत गेली.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो तर आई तयार. अंगावर हिरवं इरकली लुगडं, जे तिनं माझ्या बहिणीच्या लग्नानंतर नेसलेलं मी पाहिलं नव्हतं. कपाळाला ठसठशीत बुक्का, वडील गेल्यापासून ती कुंकू लावत नसे. हातात आमचं स्टीलचं ताट. ताटात तांदूळ, हळदीकुंकवाच्या दोन वाट्या, बायकोनं चटणीसाठी आणलेला नारळ, आणि घडी घातलेला खण. ती येताना बॅगेत चार खण घेऊन आली होती, कुणाची ओटी भरायची वेळ आली तर म्हणून. बायको दारात माझ्याकडं पाहत उभी होती. तिनं मला खूण केली, काही बोलू नको.

'चल,' आई म्हणाली. 'ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ. गाळात तू पुडं हो, मी मागनं येते.'

मी ताट धरलं आणि निघालो.

तळ्यावर दोन कामगार होते आणि ती टोपीवाली बाई. ओढा बंद होता. आई काठावर गेली आणि थांबली. गाळ नव्हताच. काठापासून काठापर्यंत काळं प्लास्टिक अंथरलेलं, जाड, ताडपत्रीसारखं, पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. एका पट्टीचा जोड सुटला होता, तिथं कामगार वाकून काम करत होते. मधे थोडं हिरवट पाणी, त्यात गोल्फचे चेंडू, एक चप्पल, बिअरचे डबे, आणि ढिगावरून घरंगळलेलं एक सिमेंटचं कोकरू, चारी पाय वर. बस. एवढंच होतं.

आई बघत राहिली. मला वाटलं ती विचारेल. तिनं विचारलं नाही. डोळ्यांवर हात धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघत होती, कुठं चौथरा आहे का, विहिरीचं तोंड आहे का, पायरी आहे का. चार महिने मी त्या तळ्याची टवाळी करत होतो, आणि त्या तळ्याला कुणी इतक्या मानानं भेटायला आलेलं नव्हतं.

'कायच न्हाई,' शेवटी आई म्हणाली.

'नाही गं. मी म्हटलं होतं ना.'

'बरं झालं,' आई म्हणाली. 'कुनी बुडालं न्हाई.'

मग ती काठावरच खाली बसली. माझ्याकडून ताट घेऊन मांडीवर ठेवलं. मी शेजारी उभा. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी. ती म्हणाली, 'ह्येंनी रिकाम्या जाग्यावर पानी भरलं. आमची भरलेली घरं मिळाली व्हय रं पान्याला.'

टोपीवाली बाई जवळ आली. तिला वाटलं आईला उन्हाचा त्रास झाला. पाण्याची बाटली पुढं केली. आईनं बाटली घेतली, दोन घोट प्यायली, उठली आणि ताट घेऊन पुलाकडं चालू लागली.

पुलाच्या कमानीच्या पायाशी एक रुंद, सपाट दगड होता, मधे झिजलेला. उंबऱ्याचा असावा. दगडात इतकी झीज पायांनीच येते. आईनं तो नेमका हेरला. बाटलीतल्या पाण्यानं तो धुतला, पदरानं पुसला, हळद लावली, कुंकू लावलं. खण ठेवला, त्यावर नारळ, तांदळाच्या तीन ओंजळी. कुणाची ओटी भरताना ती समोरच्या बाईकडं बघून बारीक हसायची, तशीच त्या दगडाकडं बघून हसली. मग हात जोडून जरा वेळ उभी राहिली.

'त्या काय करतायत?' बाईनं मला विचारलं.

मला एक झणझणीत उत्तर द्यायचं होतं. तयार होतं ओठावर. पण आई शेजारी उभी होती. मी म्हटलं, 'इथं ज्यांचं घर होतं त्यांची विचारपूस करतेय.'

बाईनं मान हलवली. वाटलं, पोचलं काहीतरी. मग तिनं वाकून दगड पाहिला आणि विचारलं, 'याचा डाग निघतो ना?'

घरी येऊन आईनं लुगडं बदललं, घडी घालून बॅगेत ठेवलं आणि डायनिंग टेबलापाशी येऊन बसली. कागद तिथंच होते, मार्चपासून. तिनं ते माझ्याकडं सरकवले.

'मला माघारी धाड,' ती म्हणाली.

'आई, तिथं तू एकटी...'

'ऐक. फुडल्या वैशाखात पानी उतारलं तर? देऊळ वर यील, आन् वटी भराया कोन न्हाई. बाया म्हातारपनानं पांगल्या सगळ्या. चार उरल्यात आमी.' मग बायकोकडं वळून म्हणाली, 'तुजं काय चुकलं न्हाई हां पोरी. चांगलं घर हाय. पन हितं कुनी माजी वाट बगत न्हाई.'

मला हे ऐकून राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, 'आणि आम्ही? आम्ही वाट बघत नाही?' आई म्हणाली, 'तुमाला फोन हाय.' यात टोमणा नव्हता. तिनं खरंच तसा हिशेब केला होता. ज्यांना फोन नाही त्यांच्याकडं जायला पाहिजे.

ऑगस्टमध्ये मी तिला विमानात बसवून दिलं. तोवर तळं पुन्हा भरलं होतं. कोकराला उचलून ढिगावर एका सिमेंटच्या मेंढीशेजारी बसवलं होतं, मात्र उलट्या दिशेला तोंड करून. कमिटीनं क्लबहाउसमध्ये पार्टी दिली, 'वेलकम बॅक, लेक' म्हणून. केकवर निळं क्रीम होतं. मी गेलो नाही, बायको गेली, केक घेऊन आली आणि म्हणाली, 'गोड आहे, पण निळं काय खायचं?' त्या वसाहतीबद्दल माझ्या बायकोनं उच्चारलेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आईचा फोन आला. मी ऑफिसला निघत होतो. आईचा आवाज फुललेला. पानी लई उतारलं औंदा, म्हणाली. देऊळ अख्खं वर आलं. ती आणि आणखी दोघी गेल्या होत्या. तिसरी गुडघ्यांमुळे लाँचमध्येच बसून राहिली. देवीची ओटी भरली. आमच्या घराची पायरी सापडली, तीच, फुटकी. कुंकू लावून आली. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, 'तितल्या पुलावरचं कुकू हाय का रं आजून?'

पूल कमिटीनं केव्हाच प्रेशर मशीननं धुतला होता. आई विमानात बसायच्या आधीच. नारळ माळ्यानं उचलला, खणाचं काय झालं देव जाणे. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

'आहे,' मी म्हणालो.

'मग बरं,' आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ऑफिसला कळवलं की उशीर होईल. गाडी काढली, प्लेनोच्या इंडियन स्टोअरमधून कुंकवाची पुडी घेतली आणि परत येऊन पुलापाशी उभा राहिलो. झुडपातला प्लास्टिकचा दगड किलबिलत होता. माझ्या अंगावर ऑफिसचे कपडे, गळ्यात बॅज. तेवढ्यात टोपीवाली बाई कार्टमधून कुण्या नव्या कुटुंबाला घेऊन आली आणि मला बघून तिनं कार्ट थांबवली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. उंबऱ्याचा दगड कुठला ते मला ओळखू येईना. धुऊन सगळे सारखेच झाले होते. आईला तो पाहताक्षणी कळला होता, मला मेल्याला काही कळेना. मग मी पुडी फोडली आणि हात पोचेल तेवढ्या सगळ्या दगडांना एकेक करून कुंकू लावत गेलो.